रेकॉर्डरच्या कार्डाचं फॉरमॅट: अलोकेशन युनिट किती ठेवायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला. गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहातली कीर्तनं हातात धरायच्या छोट्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड करायची आहेत. रेकॉर्डरच्या माहितीपुस्तिकेत ३२ जीबीपर्यंतचं मायक्रोएसडी कार्ड चालतं असं लिहिलंय, पण दुकानात ६४ जीबीचं मिळालं. विंडोजमध्ये फॉरमॅट करायला गेलात तर फॅट३२ हा पर्यायच दिसत नाही, फक्त एनटीएफएस आणि एक्सफॅट दिसतात. खाली 'अलोकेशन युनिट साइझ'ची भलीमोठी यादी, ४ केबीपासून पार ३२ एमबीपर्यंत. क्विक फॉरमॅटची खूण ठेवायची की काढायची, हेही कळत नाही. आणि सप्ताह झाल्यावर तेच कार्ड फोनमध्ये आणि आईच्या छोट्या स्पीकरमध्ये घालून ऐकायचंय.

कीर्तनं, जात्यावरच्या ओव्या, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड करणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे, आणि कार्डं सांभाळणं हा त्याचाच भाग. या प्रश्नात बहुतेक जण यादीतल्या आकड्यापाशी अडकतात. त्याआधी ठरवायला हवं ते हे, की कार्डावर लिहिणार कोण आणि ते वाचणार कोण. तुमच्या बाबतीत रेकॉर्डर, संगणक, फोन आणि स्पीकर अशी चार यंत्रं एकाच कार्डावर हक्क सांगताहेत, आणि चौघांची समज सारखी नाही. त्यात रेकॉर्डर सर्वांत महत्त्वाचा, कारण बाकीच्या ठिकाणी काही बिघडलं तर पुन्हा कॉपी करता येईल, पण झालेलं कीर्तन पुन्हा होणार नाही.

म्हणून आधी सरळ उत्तर देतो. ३२ जीबीची दोन चांगली कार्डं घ्या. ती रेकॉर्डरमध्ये घालून रेकॉर्डरच्याच मेनूतून फॉरमॅट करा. अलोकेशन युनिटचा आकडा त्यालाच ठरवू द्या. फोन आणि स्पीकरसाठी वेगळी कार्डं ठेवा आणि त्यांवर संगणकावरून प्रती टाका. ६४ जीबीचं कार्ड वाया जाणार नाही, ते फोनला लावा.

यातला काही भाग परिस्थितीवर अवलंबून आहे. रेकॉर्डरचं मॉडेल कोणतं, त्याचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) किती जुनं, रेकॉर्डिंग किती बारकाईचं हवं, रोज संध्याकाळी संगणक हाताशी असेल की नाही, यावर सल्ला थोडा बदलतो. म्हणून मी असं का सांगतोय ते मांडतो, म्हणजे तुमच्या यंत्राला काय लागू पडतं ते तुम्हाला ठरवता येईल.

फॅट३२ का दिसत नाही, ते आधी. कार्डावर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात, आणि फॅट३२ ही तशीच एक पद्धत. ती १९९६ साली विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिची स्वतःची मर्यादा कितीतरी मोठी, २ टीबीपर्यंत जाते. पण विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या जागेला ती देऊच केली जात नाही. म्हणजे ही अट विंडोजच्या त्या खिडकीची आहे, कार्डाची नव्हे आणि फॅट३२चीही नव्हे. या कार्डांचे नियम ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनच्या वर्गवारीतही रेषा तिथेच आहे: २ जीबीच्या वर ३२ जीबीपर्यंतची कार्डं 'एसडीएचसी', त्यांना फॅट३२, ३२ जीबीच्या वर २ टीबीपर्यंतची 'एसडीएक्ससी', त्यांना एक्सफॅट. एसडीएक्ससी २००९ साली जाहीर झालं. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये आणलं आणि त्याचा तपशील सर्वांसाठी खुला केला तो २०१९ मध्ये. छोटी यंत्रं बनवणाऱ्यांना त्यासाठी परवाना घ्यावा लागायचा. बाजारातल्या बऱ्याच जुन्या रेकॉर्डरांना आणि स्वस्त स्पीकरांना एक्सफॅट का कळत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

आता अलोकेशन युनिट. फाइल सिस्टीम कार्डावरची जागा बाइट-बाइट मोजून देत नाही, ठरावीक मापाच्या तुकड्यांत देते. धान्य पोत्यात भरण्यासारखं समजा: अडीच पोती धान्य असलं तरी पोती तीन लागतात, आणि तिसऱ्यातली उरलेली जागा दुसऱ्या धान्याला वापरता येत नाही. या एका तुकड्याचं माप म्हणजे अलोकेशन युनिट, ज्याला क्लस्टर असंही म्हणतात. प्रत्येक फाइलमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो असं धरायला हरकत नाही.

हा हिशेब तुमच्या कामाला लावून बघा. सप्ताहाच्या शंभर फाइली झाल्या आणि क्लस्टर ३२ केबीचा असला, तर वाया गेलेली जागा दीड एमबीच्या आसपास. ती नसल्यातच जमा. उलट एखाद्याच्या कार्डावर २०,००० बारीक फाइली असतील, उदाहरणार्थ जुन्या खेळांच्या हँडहेल्डमध्ये किंवा नकाशांच्या तुकड्यांत, तर ३२ केबीला सुमारे ३१० एमबी आणि १२८ केबीला सव्वा जीबीच्या घरात जागा जाईल. त्यांना आकडा बघायला हवा. तुमच्यासारख्या मोजक्या, मोठ्या फाइली असणाऱ्याला जागेच्या दृष्टीनं लहान क्लस्टरचा काहीच फायदा नाही.

तोटा मात्र आहे. कोणता तुकडा कोणत्या फाइलचा आणि त्यानंतरचा तुकडा कुठे, याची नोंद फॅट नावाच्या तक्त्यात होते. फॅट३२ मध्ये प्रत्येक तुकड्यामागे ४ बाइट, आणि सुरक्षिततेसाठी तक्त्याच्या सहसा दोन प्रती. ३२ जीबीच्या कार्डावर ३२ केबीचे क्लस्टर केले तर पावणेदहा लाखांच्या आसपास तुकडे होतात आणि एक तक्ता सुमारे ४ एमबीचा होतो. त्याच कार्डावर ४ केबीचे क्लस्टर केले तर तुकडे ७८ लाख आणि तक्ता ३१ एमबीचा. संगणकाला हा फरक जाणवत नाही. पण हातातल्या रेकॉर्डरची मेमरी तुटपुंजी असते. चालू केल्यावर किती जागा शिल्लक आहे हे मोजायला काही यंत्रं हा अख्खा तक्ता वाचतात. कार्ड घातल्यावर रेकॉर्डर बराच वेळ 'वेट' दाखवत बसतो त्याचं हे एक नेहमीचं कारण.

रेकॉर्डिंग चालू असतानाही फरक पडतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशा आवाजाला सेकंदाला २,८८,००० बाइट लागतात. तक्त्याच्या ५१२ बाइटच्या एका सेक्टरमध्ये १२८ नोंदी मावतात. क्लस्टर ४ केबीचा असेल तर दर दोन सेकंदांच्या आत तक्त्याचा एक सेक्टर भरतो. ३२ केबीचा असेल तर साडेचौदा सेकंदांनी. कार्डाच्या आतल्या फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचा ठोकळा काही एमबींचा असतो. त्यामुळे तक्त्यातला बारीकसा बदलसुद्धा कार्डाच्या कंट्रोलरला, म्हणजे आतलं काम सांभाळणाऱ्या चिपला, आत बरीच हलवाहलव करायला लावू शकतो. अशी हलवाहलव चालू असताना कार्ड क्षणभर अडतं. रेकॉर्डरचा बफर, म्हणजे त्याची तात्पुरती मेमरी, तेवढा वेळ आवाज धरून ठेवू शकला नाही, तर कार्ड हळू असल्याचा इशारा येतो किंवा रेकॉर्डिंगमध्ये बारीक खंड पडतो.

म्हणून संगणकावर फॉरमॅट करणं भागच असेल, तर ३२ जीबीपर्यंतच्या कार्डाला फॅट३२ आणि ३२ केबी निवडा. विंडोज १६ ते ३२ जीबीच्या जागेला स्वतःहून १६ केबी सुचवतं. तेही चालतं, फक्त ४ केबीकडे जाऊ नका. ६४ केबीनं तुमच्या कामात आणखी काही मिळत नाही. एनटीएफएसचा तर विचारच सोडा, बहुतेक रेकॉर्डर ते वाचतच नाहीत.

पण संगणकापेक्षा रेकॉर्डरनं फॉरमॅट केलेलं बरं, असं मी का म्हणतो? रेकॉर्डर बनवणाऱ्यानं त्याच मापांवर यंत्र तपासलेलं असतं. शिवाय रेकॉर्डर स्वतःचे फोल्डर लगेच तयार करतो, ते नसले की काही यंत्रं अडून बसतात. आणि कार्डाची मांडणी बिघडण्याची शक्यता कमी होते. कारखान्यातून येताना कार्डावरच्या पार्टिशनची (फाइलींसाठी आखलेल्या भागाची) सुरुवात विशिष्ट ठिकाणी असते, एसडीएचसीला साधारण ४ एमबीवर आणि ६४ जीबीच्या एसडीएक्ससीला १६ एमबीवर, म्हणजे फाइलींचे तुकडे आतल्या पुसायच्या ठोकळ्यांशी जुळून बसावेत. विंडोजमधलं साधं फॉरमॅट ही सुरुवात हलवत नाही. पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन पार्टिशन काढून नवं केलं की ती सहसा १ एमबीवर जाते आणि जुळणी तुटते. कार्ड लगेच बंद पडणार नाही, पण लिहिताना अडखळणं वाढू शकतं. असं आधीच झालं असेल, किंवा कार्ड पूर्वी दुसऱ्या कशाला वापरल्यामुळे ३२ ऐवजी काही एमबीच दाखवत असेल, तर एसडी असोसिएशनचा 'एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर' वापरा. तो मोफत आहे, विंडोज आणि मॅकवर चालतो आणि कार्डाला मूळ मांडणीवर आणतो. त्यात क्लस्टरचा आकडा निवडायची सोयच नाही. कार्डाच्या क्षमतेवरून तो स्वतः ठरवतो, आणि माझ्या मते ते चांगलंच आहे.

क्विक फॉरमॅटची खूण राहू द्या. ती काढली तर विंडोज अख्ख्या कार्डावर शून्यं लिहितं. वेळ जातो, कार्ड एकदा विनाकारण पूर्ण लिहिलं जातं, आणि सगळी जागा वापरात आहे असं कंट्रोलरला वाटत राहतं. पूर्ण पुसणं योग्य ठरतं ते कार्ड दुसऱ्याला देऊन टाकताना. कार्ड खरं आहे की नाही हे त्यातून नीट कळत नाही. त्यासाठी विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' किंवा लिनक्स-मॅकवर 'एफथ्री' हे मोफत प्रोग्रॅम आहेत. ते कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतात. नकली कार्डांचा आपल्याकडे सुळसुळाट आहे. आत ८ जीबी असून बाहेर ६४ छापलेलं कार्ड सुरुवातीच्या फाइली व्यवस्थित ठेवतं आणि पुढच्या गिळतं, म्हणजे सप्ताहाचे पहिले दिवस मिळतात आणि काल्याचं कीर्तन जातं. नवं कार्ड आणलं की ही तपासणी आधी, मगच रेकॉर्डरमधलं फॉरमॅट. मी हे कधीच टाळत नाही.

आता जागेचा हिशेब, कारण ६४ जीबी हवं असं तुम्हाला वाटण्यामागे तोच असणार. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे सीडीच्या दर्जाला तासाला ६३५ एमबी. पहाटेचा काकडा, दुपारचं प्रवचन, हरिपाठ आणि रात्रीचं कीर्तन मिळून दिवसाला पाच तास धरले, तर आठ दिवसांचे चाळीस तास होतात. २४ बिटला सुमारे ४१ जीबी, १६ बिटला २५ जीबी. म्हणजे सीडी दर्जानं अख्खा सप्ताह ३२ जीबीच्या एका कार्डात बसतो, आणि २४ बिटला दोन कार्डांत आरामात. माझा कल कीर्तनासाठी २४ बिटकडे असतो. बुवा निरूपण करताना आवाज खाली नेतात आणि मग टाळ-मृदंगाचा गजर एकदम चढतो. २४ बिटला आवाजाची पातळी खाली ठेवून रेकॉर्ड करता येतं, गजर फाटत नाही आणि खालचं बोलणंही नंतर उचलता येतं. पण दोन कार्डांमागचं माझं मोठं कारण जागा हे नाहीच. एक कार्ड बिघडलं, हरवलं, तर सगळा सप्ताह एकाच ठिकाणी नसावा. आज एक, उद्या दुसरं असं आलटून-पालटून वापरा. रोज रात्री कीर्तन संपल्यावर त्या दिवसाच्या फाइली संगणकावर घ्या आणि शक्य असेल तर आणखी एका डिस्कवरही.

फाइलच्या आकाराबद्दल एक शंका तुमच्या मनात येईल. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही हे खरं आहे. रेकॉर्डिंगला मात्र ते आड येत नाही. रेकॉर्डर आवाज ज्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये ठेवतो, तिच्या सुरुवातीला जी लांबी लिहिली जाते तिचीही मर्यादा ४ जीबीच आहे, आणि झूम, टॅस्कॅमसारख्यांचे बरेचसे छोटे रेकॉर्डर त्याआधीच, २ जीबीला, फाइल बंद करून पुढची आपोआप सुरू करतात. २४ बिटला २ जीबी म्हणजे दोन तास चार मिनिटं. दोन तासांचं कीर्तन थोडं लांबलं की शेवटचा अभंग आणि आरती दुसऱ्या फाइलमध्ये जाते. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्ही एकामागे एक जोडली की झालं. फाइल दोन तासांनंतर तुटलेली दिसली तर कार्ड बिघडलंय असं समजू नका.

रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपणं किंवा कार्ड निघणं, हा या सगळ्यातला सर्वांत जास्त नुकसान करणारा प्रसंग. फॅट३२ आणि एक्सफॅट या दोन्हींत जर्नल नसतं, म्हणजे अर्धवट राहिलेलं काम आपोआप सावरून घेण्याची सोय नसते. शिवाय फाइलची खरी लांबी बऱ्याच यंत्रांत 'स्टॉप' दाबल्यावरच लिहिली जाते. त्यामुळे दीड तासाचं कीर्तन शून्य बाइटची फाइल म्हणून दिसतं. आवाज बहुधा कार्डावरच असतो, फक्त त्याकडे बोट दाखवणारी नोंद नसते. अशा वेळी त्या कार्डावर काहीही लिहू नका. संगणकानं 'दुरुस्त करू का' किंवा 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हणा. आधी अख्ख्या कार्डाची हुबेहूब इमेज (एका फाइलमधली बाइट-बाइट प्रत) काढा, मूळ कार्ड बाजूला ठेवा आणि सगळे प्रयोग त्या इमेजवर करा. 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्रॅम नावाप्रमाणे फक्त फोटो नाही, डब्ल्यूएव्ही फाइलीही शोधतो. त्यालाही जमलं नाही, तर ऑडॅसिटीच्या 'इम्पोर्ट रॉ डेटा'मधून कच्चे बाइट थेट आवाज म्हणून उघडता येतात: २४ बिट, लिटल एंडियन, स्टिरिओ, ४८०००. नुसती खरखर ऐकू आली तर सुरुवातीची जागा एकेक बाइट पुढे सरकवत जा. २४ बिट स्टिरिओचा एक नमुना ६ बाइटचा असतो, त्यामुळे सहा प्रयत्नांत त्यातल्या एका जागी आवाज लागतो.

कार्ड कसं फॉरमॅट केलंय याचा खरा परिणाम इथे दिसतो. ताज्या फॉरमॅट केलेल्या कार्डावर फाइल सलग लिहिली जाते, तुकड्यामागे तुकडा. नोंद हरवली तरी आवाज एका ओळीत सापडतो. पण जुन्या फाइली एकेक करून पुसत, मधल्या मोकळ्या जागा भरत वापरलेल्या कार्डावर तीच फाइल दहा ठिकाणी विखुरते, आणि तक्ता नसेल तर ते तुकडे जुळवणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे: फाइली संगणकावर घ्यायच्या, तिथे उघडून ऐकायच्या, दुसरी प्रत झाल्याची खात्री करायची, आणि मग कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करायचं. फाइली सुट्या-सुट्या पुसत बसायचं नाही. आणि कीर्तनाआधी ताजी बॅटरी. ती क्लस्टरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त कामाची.

कार्डाच्या वेगाबद्दल फार खर्च करू नका. वर दिलेला दर सेकंदाला ०.३ एमबीसुद्धा नाही. 'क्लास १०' म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, म्हणजे तुमच्या गरजेच्या तीस पटींहून जास्त. यू३, व्ही३० ही अक्षरं व्हिडिओसाठी आहेत. ए१, ए२ फोनवर ॲप चालवणाऱ्यांसाठी. तेवढे पैसे खात्रीच्या दुकानातून खरं कार्ड घेण्यात घाला.

तरीही ६४ जीबीचंच कार्ड रेकॉर्डरमध्ये वापरायचं असेल तर? बऱ्याचदा चालतं. एसडीएचसी आणि एसडीएक्ससी कार्डांशी बोलायची मूळ भाषा सारखीच आहे, अडचण मुख्यतः फाइल सिस्टीमची असते. (जुन्या साध्या एसडी यंत्रांचं तसं नाही. त्यांत एसडीएचसी कार्ड चालतच नाही, कारण तिथे पत्ता मोजायची पद्धतच वेगळी आहे.) आधी रेकॉर्डरलाच फॉरमॅट करू द्या. त्यानं नकार दिला तर मोठ्या जागेला फॅट३२ करणारा वेगळा प्रोग्रॅम वापरा आणि ३२ किंवा ६४ केबी निवडा. मग घरीच कार्ड पूर्ण भरेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवा, रेडिओ लावून ठेवला तरी चालेल, आणि ३२ जीबीच्या पुढच्या भागातल्या फाइली ऐकून बघा. अशी चाचणी झाल्याशिवाय ते कार्ड सप्ताहात नेऊ नका, कारण माहितीपुस्तिकेनं ज्याची हमी दिलेली नाही त्याची जबाबदारी आपली असते.

एक्सफॅट वाईट आहे असं यातून समजू नका. तुमच्या रेकॉर्डरची माहितीपुस्तिका एसडीएक्ससी चालतं म्हणत असेल, तर त्यालाच एक्सफॅट फॉरमॅट करू द्या. मोठ्या कार्डांवर, लांब व्हिडिओंसाठी ते योग्यच आहे. विंडोज तिथे १२८ केबी सुचवतं, तो आकडा बदलायची गरज नाही. यादीतल्या ३२ एमबीच्या पर्यायाकडे तर बघूही नका. वापर संपल्यावर बाहेर काढताना मात्र एक्सफॅटला जास्त जपा: यंत्र बंद करून मगच कार्ड काढा. त्यात तक्ता सहसा एकच असतो, फॅट३२ सारखी दुसरी प्रत नसते.

फोनबद्दल दोन गोष्टी. पहिली, रेकॉर्डरचं कार्ड थेट फोनमध्ये घालू नका. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, कार्ड फोनच्या अंतर्गत मेमरीत सामील करून घ्यायची सोय आहे. घाईत त्यावर होकार दिला की कार्ड पुसलं जातं, एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होतं आणि त्या फोनशिवाय कुठेच वाचता येत नाही. ६४ जीबीचं कार्ड फोनला द्याल तेव्हा 'पोर्टेबल' हाच पर्याय निवडा.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी नावांची. बुवांचं नाव, गाव, अभंगाचा पहिला चरण असं सगळं फाइलच्या नावात लिहायची आपल्याला हौस असते, आणि असावीच. पण फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये नावाला २५५ अक्षरचिन्हांपर्यंत जागा आहे, तर फोनच्या आतल्या फाइल सिस्टीममध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजून, ३ बाइट घेतं. 'काल्याचे कीर्तन' एवढंच नाव ४३ बाइटचं होतं. म्हणजे ८५ चिन्हांच्या पुढे गेलेलं मराठी नाव संगणकावर छान दिसेल आणि फोनवर कॉपी होताना अडेल. नाव आटोपशीर ठेवा, पूर्ण तपशील वेगळ्या वहीत किंवा तक्त्यात लिहा. आणि नाव बदलायचं ते संगणकावरच्या प्रतीचं. रेकॉर्डरच्या कार्डावर त्यानं दिलेली नावं तशीच राहू द्या. रेकॉर्डरचं घड्याळही आधी लावून घ्या, नाहीतर सगळ्या फाइलींवर चुकीची तारीख पडते आणि कोणतं कीर्तन कोणत्या दिवसाचं हे लावता लावता नाकी नऊ येतात.

राहिला आईचा स्पीकर. असे बहुतेक स्पीकर फॅट३२ आणि एमपी३ एवढंच धड ओळखतात, त्यामुळे तिथे ८ किंवा १६ जीबीचं छोटं कार्ड पुरेल. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये दोन तासांचं कीर्तन ११५ एमबीत बसतं, म्हणजे १६ जीबीत शंभराहून जास्त कीर्तनं. क्लस्टर ३२ केबी ठेवा. अडचण येईल ती क्रमाची. हे स्पीकर बहुधा नावाप्रमाणे वाजवत नाहीत. कार्डावर फाइलींच्या नोंदी ज्या क्रमानं झाल्या त्या क्रमानं वाजवतात. संगणकावर यादी नीट दिसते, कारण संगणक ती लावून दाखवतो, आणि स्पीकरमध्ये मात्र तिसऱ्या दिवसानंतर पहिला दिवस वाजतो. मधली एखादी फाइल पुसून नवी टाकली तर ती रिकाम्या झालेल्या जागी, म्हणजे मधेच घुसू शकते. म्हणून कार्ड फॉरमॅट करून घ्या, आणि सगळ्या फाइली एकदम उचलून न टाकता दिवसाच्या क्रमानं एकेक कॉपी करा. हे कंटाळवाणं वाटलं तर लिनक्स आणि मॅकवर 'फॅटसॉर्ट' आणि विंडोजवर 'ड्राइव्हसॉर्ट' हे प्रोग्रॅम नोंदी नावाप्रमाणे लावून देतात. मात्र त्यासाठी नावांच्या आधी ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक घाला, नाहीतर १० हा २ च्या आधी येईल. पुढच्या वर्षीचा सप्ताह त्यात भरायचा असेल तेव्हा जुन्या-नव्या फाइली संगणकावर एकत्र करून कार्ड पुन्हा पहिल्यापासून भरा.